आईच्या नावाचं माफीपत्र

देवाचं भय म्हणजे आदरयुक्त भीती, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. आमच्या चर्चमध्ये वर्षातून दोनदा तरी हा उपदेश होतो. पाळक तरुण आहेत, शिकलेले आहेत, मनानं चांगले आहेत. ते चष्मा कपाळावर सरकवतात आणि समजावून सांगतात, की भय या शब्दाला घाबरू नका, देव काही काठी घेऊन बसलेला नाही, भय म्हणजे आदर. मंडळी माना डोलावतात. आदर म्हटलं की सगळ्यांना हायसं वाटतं, कारण आदर करायला काही लागत नाही. आदर मी आमच्या कंपनीच्या मॅनेजरचाही करतो आणि तो केबिनबाहेर गेला की पाच मिनिटांत त्याची नक्कलही करतो.

असा आदर देवाला काय कामाचा, हे त्या पाळकांना एकदा विचारायचं आहे. अजून विचारलेलं नाही. का नाही, ते पुढं येईलच.

गेल्या वर्षापर्यंत मी या चर्चचा पंच होतो. पंच म्हणजे मंडळीनं निवडलेले सात-आठ जण. चर्चचा कारभार बघायचा, भांडणं मिटवायची, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी थाळ्या फिरवायच्या. आमच्याकडे लोक बाकांवर बसून राहतात आणि थाळी त्यांच्यापर्यंत जाते. थाळीच्या मधोमध भाकरीचे बारीक तुकडे, भोवती द्राक्षरसाचे काचेचे इवलेसे पेले. एक तुकडा, एक पेला. ज्याचा बाप्तिस्मा झालाय आणि जो मंडळीच्या शिस्तीखाली नाही, त्यानं घ्यायचा.

माझी आई घ्यायची नाही. मला कळायला लागल्यापासून ती थाळी बघायची आणि हात मांडीवर ठेवायची. लहानपणी मला वाटायचं, तिला द्राक्षरस आवडत नसेल. मोठेपणी वाटायला लागलं, की हा हट्ट आहे. गंमत म्हणजे पहिल्या रविवारी ती सकाळपासून चहासुद्धा घ्यायची नाही. उपाशी, धुतलेलं पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. घेणाऱ्यांपैकी निम्मे लोक पोहे खाऊन आलेले असायचे आणि न घेणारी माझी आई उपाशी. विचारलं तर म्हणायची, "मपलं अन् देवाचं हाये ते. तू तुपलं बघ."

पाच वर्षांपूर्वी मी पंच झालो आणि सभासदांचं जुनं रजिस्टर माझ्या हातात आलं. पानं चाळताना तिचं नाव सापडलं. आम्ही बिडकीनजवळच्या एका खेड्यातून शहरात, मुकुंदवाडीला राहायला आलो, तेव्हा त्या गावच्या मंडळीनं दिलेल्या दाखल्यावरून केलेली नोंद. नावासमोर लाल शाईनं लिहिलं होतं, शिस्तीखाली. त्याच्यापुढं कारण. मुलाच्या दंडाला ताईताचा दोरा बांधला. पश्चात्ताप नाही.

मुलगा म्हणजे मी. मला भावंडं नाहीत.

ही शिस्त म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण आता कुणी फारसं बोलत नाही तिच्याबद्दल. सभासदानं काही चुकीचं केलं, दारू पिऊन धिंगाणा घातला, कुणाला पळवून नेलं, नवस फेडला, तर त्याला तीन महिने प्रभुभोजनातून बाहेर ठेवायचं. तीन महिन्यांनी त्यानं एका रविवारी सगळ्यांसमोर उभं राहायचं, माझं चुकलं, मला पश्चात्ताप झाला आहे, म्हणायचं. मग पाळक हात मिळवतात, मंडळी एक गाणं म्हणते आणि विषय संपतो. दोन मिनिटांचं काम. आमच्या चर्चमध्ये एक गृहस्थ होते, ते बायकोला मारल्याबद्दल तीनदा शिस्तीखाली आले, तीनदा उभे राहिले आणि तीनदा त्यांच्यासाठी गाणं म्हटलं गेलं. तिसऱ्या वेळी ते गाताना सगळ्यांत मोठ्या आवाजात गात होते. त्यांची बायको शेजारीच होती. तिचा ओठ सुजलेला होता.

माझी आई कधी उभी राहिली नाही. तीन महिन्यांची चाळीस वर्षं झाली.

रजिस्टर पाहिलं त्या संध्याकाळी मी तिला विचारलं. ती मेथी निवडत बसली होती. काड्या बाजूला करता करता तिनं सांगितलं. मी चार वर्षांचा असताना मला ताप आला होता. वडील एसटीत ड्रायव्हर, लांबच्या ड्यूटीवर. बिडकीनच्या दवाखान्यातलं औषध चालू होतं, पण नऊ दिवस ताप उतरेना. मी डोळे फिरवायला लागलो. शेजारी एक मुसलमान बाई राहायची, आई तिला आपा म्हणायची, ती आईला बाजी. त्या आपाला स्वतःचं मूल नव्हतं. ती कुणाला न सांगता निघाली, दोन गाड्या बदलून खुलताबादला दर्ग्यात गेली आणि तिथून काळा दोरा घेऊन आली. दिवसभर पाण्याचा घोट न घेता.

"दारात हुबी ऱ्हायली," आई म्हणाली. "पायाला ही धूळ. व्हटं सुकल्याली. म्हनली, बाजी, बांध ह्ये लेकराला. मी काय करायचं? म्हनू का, आमच्यात चालत नाय, जा घेऊन?"

तिनं दोरा बांधला. दोन दिवसांनी ताप उतरला. औषधानं उतरला असेल, आईसुद्धा तसंच म्हणायची. अकरा दिवस दोरा ठेवायचा, असं तिनं आपाला कबूल केलं होतं. त्यातच रविवार आला. गावच्या चर्चमध्ये मी कडेवर, बाही वर सरकली, आणि तिथल्या पाळकांना दोरा दिसला. त्यांनी उपासना थांबवली. कात्री मागवली. सगळ्यांसमोर माझ्या दंडावरचा दोरा कापला आणि म्हणाले, या बाईला देवाचं भय राहिलेलं नाही.

"मग तीन महिन्यांनी उभी का राहिली नाहीस?" मी विचारलं.

"काय म्हनायचं हुबं ऱ्हाऊन?"

"चुकलं म्हणायचं."

"पर मला तसं वाटंना, लेकरा. लई बघितलं मी मनात. दोऱ्यात काय नसतं, ह्ये मला ठावं हाये. पर ती बाई उपाशी गेली व्हती तुझ्यासाठी. त्येचा पस्तावा कसा येईल? अन् न आलेला पस्तावा आला म्हनू? देवाच्या म्होरं?"

खरं सांगतो, मला तेव्हा राग आला. त्या कात्रीवाल्या पाळकाचा नाही. तो केव्हाच मेला होता. मला आईचा राग आला. एवढ्याशा गोष्टीसाठी एखादी बाई आयुष्यभर मान खाली घालून बसते का? आणि मलाही घालायला लावते? कारण पंच झाल्यावर मला वाटून दिलेल्या रांगांत तिची रांग होती. पहिल्या रविवारी मी थाळी घेऊन जायचो, तिच्या आधीच्या बाईला द्यायचो, तिला ओलांडायचो, तिच्या पुढच्या बाईला द्यायचो. असं चार वर्षं केलं. त्या चार वर्षांत मी कधी कुणाला म्हणालो नाही, की हे थांबवू या. पंचांच्या बैठकीत वॉलकंपाउंडवर तीन-तीन तास बोललो, चर्चच्या पंख्यांवर बोललो, माइकच्या खरखरीवर बोललो. आईवर बोललो नाही.

गेल्या वर्षी तिचं हृदय थकलं. पायांवर सूज, दोन पावलं टाकली की दम. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरीच जपा. आईला ते न सांगताच समजलं. एक दिवस मी तिच्या पायांना तेल लावत होतो, तेव्हा ती छताकडे बघत म्हणाली, "येकडाव घ्यावं वाटतंय."

"काय?"

"भाकर. अन् त्यो पेला. जायच्या आधी येकडाव."

चाळीस वर्षांत तिनं मागितलेली ही एकच गोष्ट. मी त्याच दिवशी कंपनीतून लवकर सुटून पाळकांकडे गेलो.

चर्चच्या मागं पाळकांची खोली आहे. तिथं सेक्रेटरीही होते. ते नसतात असा वार नाही. रिटायर झालेले शिक्षक, त्यामुळं त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. ते चर्चचे सेक्रेटरी झाले तेव्हा मी शाळेत होतो, आणि रजिस्टरच्या कपाटाची किल्ली अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात असते. पाळक येतात, चार-पाच वर्षांनी बदलून जातात. गुरुजी राहतात. लग्न कुठल्या तारखेला लागेल, कुणाला दफनाला कोपऱ्यातली जागा मिळेल, कुणाच्या मुलीचं नाव गाण्याच्या ग्रुपमध्ये येईल, हे ते ठरवतात. आवाज कधी चढवत नाहीत.

मी सांगितलं. पाळकांचे डोळे पाणावले. ते म्हणाले, "अरे, मी येतो ना घरी. आत्ता येतो. भाकर घेऊन येतो."

"नियम आहे, पाळकसाहेब," गुरुजी म्हणाले.

"आजारी आहेत हो त्या, गुरुजी."

"आजाऱ्याला उभं राहता येत नसेल तर दोन ओळी लिहून द्याव्यात. आपण फाइलला लावू. बास." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही पंच आहात. तुमच्याच घरात सूट दिली तर उद्या लोक काय म्हणतील? मंडळीत देवाचं भय राहिलं पाहिजे ना?"

लोक काय म्हणतील आणि देवाचं भय, ही दोन्ही वाक्यं त्यांनी एका श्वासात म्हटली. त्या खोलीत बसलेल्या तिघांपैकी एकालाही त्यात काही खटकलं नाही. मलाही नाही. मी मान हलवली आणि थँक्यू म्हणालो. हे आठवलं की आजही माझ्या कानशिलापर्यंत रक्त चढतं.

पाळक तेवढं बोलू शकले असते. शिक्षण त्यांचं, अभिषेक त्यांचा, भाकरीवर प्रार्थना करायचा अधिकार त्यांचा. पण त्यांची बदली ज्या मोठ्या कमिटीच्या हातात आहे, त्या कमिटीवर गुरुजींचे व्याही आहेत. पाळक चष्म्याच्या काचा पुसत बसले.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "नाय."

"दोन ओळी आहेत, आई."

"नाय रे."

"कुणी वाचणारसुद्धा नाही. फाइलला लागणार."

"वाचनारा वाचतो. त्याला फायल लागत नाय."

मी आवाज चढवला. मरायला टेकलेल्या आईवर मी आवाज चढवला, हेही लिहितो. म्हणालो, की अख्ख्या चर्चमध्ये तूच एक लागून गेलीस का खरं बोलणारी? लोक काय काय करून येतात आणि चुकलं म्हणून मोकळे होतात, देव त्यांना काही करत नाही, तुलाच बरा धरतो. तुझ्यापायी मला रांगेत मान वर करता येत नाही.  माझ्या बायकोनं आतून येऊन मला बाहेर ढकललं.

पुढच्या चार दिवसांत आईनं जेवण कमी केलं. विषय काढला नाही, पण महिन्याचा पहिला रविवार जवळ येत होता तशी ती कॅलेंडरकडे बघायची. ते मला बघवेना. त्या शुक्रवारी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये जेवणाच्या सुटीत मी एक कोरा कागद घेतला आणि तिच्या नावानं माफीपत्र लिहिलं. माझ्याकडून घडलेल्या मूर्तिपूजेसमान कृत्याबद्दल मला मनापासून पश्चात्ताप झाला असून मी परमेश्वराची व मंडळीची नम्रपणे क्षमा मागते. खाली तिची सही केली. गॅसच्या पुस्तकावर, सोसायटीच्या कागदांवर तिच्या सह्या मीच करायचो, हाताला सवय होती. तो कागद लिहिताना माझ्या मनात देव एकदाही आला नाही. वेलांटी तिच्यासारखी आली का, एवढीच धास्ती होती.

संध्याकाळी तो कागद पाकिटात घालून गुरुजींना दिला. आईला सांगितलं, की पाळकांनी मान्य केलं.

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "काय बी म्हनायचं नाय मी?"

"काहीच नाही."

"आसंच देत्यात?"

"असंच."

तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. तिनं सुनेला हाक मारून लुगड्याला इस्त्री करायला सांगितली. शनिवारी केस धुवून घेतले. मुलांनी टीव्हीचा आवाज केला तर त्यांना दटावलं, की आज गडबड नका करू. आणि झोपायच्या आधी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "भाकर चावायची आसती का नुस्ती तोंडात धरायची? इसरले मी."

मी म्हणालो, चावली तरी चालते.

रविवारी रिक्षानं निघालो. क्रांती चौकात सिग्नलला बराच वेळ गेला, ऊन होतं, तिला दम लागत होता. मी परत फिरू या का विचारलं तर तिनं रिक्षाचा दांडा आणखी घट्ट धरला. चर्चमध्ये तिसऱ्या रांगेच्या टोकाला तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. लोक येऊन सलाम करत होते. ती सगळ्यांना सलाम करत होती. मी तिला इतकं बोलताना त्या जागेत कधी पाहिलं नव्हतं.

उपदेश झाला. प्रभुभोजनाची वेळ आली. आम्ही पंच पुढं गेलो, टेबलाजवळ रांगेत उभे राहिलो, थाळ्या हातात घेतल्या. तेव्हा पाळक म्हणाले, की आज आपल्या मंडळीसाठी आनंदाचा दिवस आहे. आणि त्यांनी खिशातून माझं पाकीट काढलं.

त्यांना वाईट करायचं नव्हतं. चाळीस वर्षांनी एक म्हातारी परत येते, याचा त्यांना खरोखर आनंद झाला होता आणि तो त्यांना वाटायचा होता. त्यांनी माइकजवळ तोंड नेऊन ते दोन ओळींचं पत्र सावकाश वाचलं. मूर्तिपूजेसमान कृत्याबद्दल. मनापासून पश्चात्ताप. माइक खरखरत होता, तरी एक एक शब्द नीट ऐकू आला.

आईनं पुढच्या बाकाला धरलं आणि उभी राहिली. तिला उभं राहायला वेळ लागला. पाळकांना वाटलं, ती मंडळीला सलाम करायला उठतेय. ते हसून थांबले.

"ह्ये मी ल्हेलं नाय," आई म्हणाली.

कुणाला पुरतं ऐकू गेलं नाही म्हणून ती पुन्हा म्हणाली. मग म्हणाली, "कोन ल्हेलं ते इचारू नका. ज्यानं ल्हेलं त्यानं मायेनं ल्हेलं. पर माझं नाय ते."

ती दम घेत घेत बोलत होती. "त्यो दोरा जिनं आनला ती बाई आता मातीत गेली. मला तिचा पस्तावा नाय. देवाला मी त्याच दिवशी सांगितलं, अन् रोज सांगती. माझी चूक आसंल तर त्यानं दाखवावी, मी हितंच बसल्याली हाये. पर न झालेला पस्तावा झाला म्हनून ती भाकर खायाचं मला भ्या वाटतं. लई भ्या वाटतं मला त्याचं. आसंच देता येत आसंल तर द्या. नसंल तर ऱ्हाऊ द्या."

आणि ती बसली.

 पाळकांनी दुसऱ्या रांगेकडे बघितलं. तिथं गुरुजी बसले होते. त्यांनी मांडीवरचा हात किंचित उचलून दोन बोटं हलवली, पुढं चला, अशी. पाळकांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि भाकरीवरची प्रार्थना सुरू केली.

आम्ही थाळ्या घेऊन निघालो. लक्षात घ्या, मला कुणी नको म्हटलं नव्हतं. पाळकांनी आईला द्या म्हटलं नव्हतं, देऊ नका असंही म्हटलं नव्हतं. थाळी माझ्या हातात होती. पहिली रांग, दुसरी रांग, गुरुजींनी तुकडा घेतला, पेला घेतला, मान खाली घातली. तिसरी रांग. आतल्या टोकापासून देत देत मी खुर्चीपर्यंत आलो. आईनं डोळे मिटले होते. तिचा उजवा हात मांडीवरून थोडा वर आलेला होता आणि तळवा उघडा होता.

मी थाळी घेऊन पुढच्या रांगेत गेलो.

ती त्यानंतर तेवीस दिवस जगली. दफनाच्या वेळी पाळकांनी प्रार्थना केली आणि मग गुरुजी दोन शब्द बोलायला पुढं आले. म्हणाले, की ही माउली खरोखर देवाचं भय धरणारी होती, आजच्या पिढीनं तिच्याकडून शिकावं. लोकांनी डोळे पुसले. मी तिथं, खड्ड्याच्या कडेला, त्यांचा हात धरून म्हणायला हवं होतं, की तुम्ही हा शब्द तोंडातून काढू नका, तुमच्या तोंडी तो शोभत नाही. मी म्हटलं नाही. गुरुजींनी नंतर माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी ठेवू दिला. पंचपदाचा राजीनामा मी पुढच्या महिन्यात पाठवला, तोसुद्धा तब्येतीचं कारण देऊन.

पाळकांचा राग आहे मला. गुरुजींचा आहे, त्या कात्रीवाल्याचा आहे, तीनदा गाणं म्हणवून घेणाऱ्या त्या गृहस्थाचा आहे. आदर, आदर म्हणून देवाला मॅनेजर करून टाकणाऱ्या प्रत्येक उपदेशाचा आहे. पण झोप उडवते ती यांतली कुठली गोष्ट नाही. ती प्रभुभोजनाच्या त्या रविवारी दुपारी घरी आल्यावर झाली.

 घरी आल्यावर बायकोनं आईला खाटेवर बसवलं, चहा दिला. सकाळपासूनचा पहिला चहा. मी दारातच उभा होतो, ती आता काय बोलेल याची वाट बघत. माफीपत्राबद्दल बोलेल, थाळीबद्दल बोलेल, काहीही बोलली असती तरी मला चाललं असतं. तिनं बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि माझ्याकडे बघून हसली.

"पेले वाजत व्हते तुझ्या हातात," ती म्हणाली.

मला समजलं नाही.

"मपल्या जवळ आलास ना, तवा. डोळे मिटल्याले व्हते माझे, पर ऐकलं मी. लई वाजत व्हते. बरं वाटलं मला."

"बरं कशाचं वाटायचं त्यात?"

"तुझा हात कापला म्हंजी तू अजून भितूस त्याला," आई म्हणाली. "मला वाटलं व्हतं, त्यो कागद ल्हेलास तवा गेलं आसंल ते. नाय गेलं. आता मी जायाला मोकळी."

ती समाधानानं चहा प्यायली. मी तिला सांगितलं नाही, की थाळी पुढं नेताना मी दुसऱ्या रांगेत बसलेल्या गुरुजींकडे बघत होतो, आणि माझा हात त्यांच्या भीतीनं कापत होता.